विश्लेषण : मोठ्या कॅमेऱ्यासाठी कृष्णधवल शीट फिल्म कशी निवडायची? गोंदियाच्या उजेडात आणि उन्हाळ्यात कोणती टिकेल?

मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढण्याच्या काळात एकेका फोटोसाठी काहीशे रुपयांची फिल्म वापरणारे छायाचित्रकार पुन्हा दिसू लागले आहेत. तिपाईवरचा मोठा कॅमेरा, डोक्यावर काळे कापड आणि एका वेळी एकच फोटो, असा हा प्रकार. त्याला ‘लार्ज फॉरमॅट’ म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्या, मामा तलाव, नवेगावबांधचा जलाशय किंवा हाजरा धबधबा अशा विषयांसाठी हा कॅमेरा उत्तम. मात्र, त्यात घालायची फिल्म चुकली तर पैसा, वेळ आणि कधी कधी वर्षातून एकदाच येणारा प्रसंगही हातचा जातो. रोवणीचे दिवस संपले की पुढची रोवणी थेट पुढच्या पावसाळ्यात. म्हणूनच फिल्म निवडताना नेमके काय पाहायचे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

शीट फिल्म म्हणजे नेमके काय?

जुन्या कॅमेऱ्यातील रोल सर्वांच्या परिचयाचा आहे. एका रोलवर ३६ फोटो निघत. शीट फिल्म मात्र सुट्या पानासारखी असते. एका पानावर एकच फोटो. सर्वाधिक प्रचलित आकार ४ बाय ५ इंचाचा असून त्यापुढे ५ बाय ७ आणि ८ बाय १० इंच हे आकार येतात. नेहमीच्या ३५ मिलिमीटर रोलवरील एका चौकटीच्या तुलनेत ४ बाय ५ इंचाच्या शीटचे क्षेत्रफळ सुमारे १५ पट, तर ८ बाय १० इंचाच्या शीटचे सुमारे ६० पट भरते. त्यामुळे भिंतभर मोठी प्रत काढली तरी गवताची पाती सुटी दिसतात.

ही फिल्म रोलपेक्षा जाड असते. रोलचा पाया बहुधा ०.१२५ मिलिमीटरचा, तर शीटचा साधारण ०.१८ मिलिमीटर पॉलिस्टरचा असतो. ती पूर्ण अंधारात लाकडी, धातूच्या किंवा प्लास्टिकच्या चपट्या ‘होल्डर’मध्ये भरावी लागते. एका होल्डरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून दोन शीट बसतात. अंधारात फिल्मची बाजू ओळखण्यासाठी तिच्या कोपऱ्यात खाचा असतात. फिल्म उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की रसायनाचा थर आपल्याकडे आहे, असे समजायचे. खाचांचा आकार प्रत्येक फिल्मचा वेगळा असल्याने बोटांनी चाचपून फिल्मचा प्रकारही ओळखता येतो.

महाराष्ट्राला हे तंत्र नवे आहे का?

अजिबात नाही. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक. त्या काळी फिल्म नव्हती, काचेच्या प्लेटवर काम चाले. पुढे काचेची जागा शीट फिल्मने घेतली. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातात अनेक वर्षे ‘स्पीड ग्राफिक’ हा शीट फिल्मवर चालणारा कॅमेरा होता.

गावोगावच्या स्टुडिओंमध्येही काळे कापड आणि भाता असलेला लाकडी ‘हाफ प्लेट’ कॅमेरा होता. घराच्या भिंतीवरचा आजोबांचा फोटो किंवा शाळेचा ग्रुप फोटो बहुधा त्यावरच काढलेला. यातील बरेच कॅमेरे भारतातच बनत. केरळमधील अलप्पुळा येथे १९४०च्या दशकात सुरू झालेले ‘वागीश्वरी’ कॅमेरे देशभर विकले गेले. फिल्मसाठी सरकारने १९६० मध्ये उटी येथे ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ ही कंपनी स्थापन केली. तिची ‘इंदू’ फिल्म आणि एक्स-रे फिल्म अनेकांनी वापरली आहे. आयात खुली झाल्यावर कंपनी आजारी पडली आणि डिजिटल युगात बंद झाली. आज कॅमेऱ्याची शीट फिल्म घ्यायची तर ती आयात केलेलीच घ्यावी लागते.

बाजारात पर्याय कोणते?

मुख्य पर्याय तीन कंपन्यांचे आहेत. ब्रिटनमधील ‘इलफर्ड’च्या एचपी-५ प्लस (आयएसओ ४००), एफपी-४ प्लस (आयएसओ १२५), डेल्टा १०० आणि ऑर्थो प्लस (आयएसओ ८०) या फिल्म शीटमध्ये मिळतात. अमेरिकेतील ‘कोडॅक’च्या ट्राय-एक्स ३२०, टी-मॅक्स १०० आणि टी-मॅक्स ४०० आहेत. चेक प्रजासत्ताकातील ‘फोमा’च्या फोमापॅन १००, २०० आणि ४०० आहेत. किमतीत साधारणपणे फोमा सर्वांत स्वस्त, इलफर्ड मधली आणि कोडॅक सर्वांत महाग.

जपानच्या ‘फुजीफिल्म’ची अ‍ॅक्रॉस १०० ही दीर्घ एक्स्पोजरसाठी नावाजलेली फिल्म होती. तिचे शीट उत्पादन २०१८ मध्ये थांबले. नंतर आलेली अ‍ॅक्रॉस-२ फक्त रोलमध्ये मिळते. त्यामुळे जुन्या पुस्तकातील शिफारस वाचून फिल्म शोधण्याआधी ती आज बनते का, हे पाहिलेले बरे.

पहिला निकष : फिल्मला कोणते रंग दिसतात?

कृष्णधवल फिल्मवर रंग उमटत नसले तरी तिला ते ‘दिसतात’. ‘पॅनक्रोमॅटिक’ फिल्मला निळा, हिरवा आणि लाल असे सगळे रंग दिसतात. वरील यादीतील ऑर्थो प्लस सोडल्यास बाकी सर्व फिल्म याच प्रकारच्या आहेत. ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ फिल्मला लाल रंग दिसत नाही. त्यामुळे तिच्यावर लाल कौले आणि तांबडी माती गडद, तर निळे आकाश जवळपास पांढरे येते. उन्हाने रापलेला चेहरा अधिक काळा आणि सुरकुत्या अधिक ठळक येतात. हा परिणाम मुद्दाम हवा असेल तर ठीक, एरवी शेतकऱ्याचे व्यक्तिचित्र काढताना पॅनक्रोमॅटिक फिल्मच सुरक्षित.

पावसाळी ढग उठावदार हवे असतील, तरीही पॅनक्रोमॅटिकच हवी. तिच्यासोबत पिवळा किंवा लाल फिल्टर वापरला की निळे आकाश गडद होऊन ढग वेगळे दिसतात. त्याची किंमत उजेडात मोजावी लागते. पिवळ्या फिल्टरला साधारण दुप्पट, तर गडद लाल फिल्टरला सुमारे आठपट एक्स्पोजर लागते. ऑर्थोचा एक फायदा मात्र मोठा आहे. लाल दिव्याच्या उजेडात ती डेव्हलप करता येते, त्यामुळे नवशिक्याला प्रतिमा उमटताना डोळ्यांनी पाहता येते.

दुसरा निकष : वेग किती हवा?

मोठ्या कॅमेऱ्यात जवळच्या बांधापासून दूरच्या टेकडीपर्यंत सगळे स्पष्ट हवे तर लेन्सचे छिद्र एफ ३२ किंवा त्याहून लहान करावे लागते. परिणामी आत येणारा उजेड घटतो आणि शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते.

भर उन्हात आयएसओ १०० फिल्मला एफ ३२ वर साधारण १/२५ सेकंद पुरतो. ढगाळ आकाशाखाली हाच वेळ १/४ सेकंदापर्यंत जातो. पावसाळ्यात धानाचे लोंबते शेंडे क्वचितच स्थिर असतात. १/४ सेकंदात वाऱ्याने सारी बांधी धूसर होते. आयएसओ ४०० फिल्मला त्याच जागी १/१५ सेकंद लागतो आणि वाऱ्याची झुळूक थांबण्याची वाट पाहून काम साधता येते. उलट, सालेकसा तालुक्यातील हाजरा धबधब्याचे पाणी दुधासारखे वाहते दाखवायचे असेल, तर १/४ सेकंद किंवा अधिक वेळच हवा. तिथे आयएसओ १०० फिल्म कामी येते.

तिसरा निकष : अंधाऱ्या जागी फिल्म ‘आळसावते’ का?

बहुतेकांची शीट वाया जाते ती इथे. एक्स्पोजर साधारण एक सेकंदाच्या पुढे गेले की फिल्मची संवेदनशीलता घटत जाते. मीटर चार सेकंद सांगतो, पण फिल्मला त्याहून जास्त वेळ लागतो. याला ‘रेसिप्रॉसिटी फेल्युअर’ म्हणतात. हा वाढीव वेळ प्रत्येक फिल्मचा वेगळा असतो.

दाट जंगलातील सावलीचे उदाहरण घेऊ. एफ ३२ वर आयएसओ १०० फिल्मसाठी मीटर ४ सेकंद दाखवतो, असे समजा. इलफर्डच्या सूत्रानुसार डेल्टा १०० ला प्रत्यक्षात सुमारे ६ सेकंद द्यावे लागतील. फोमापॅन १०० च्या तक्त्यात १ सेकंदाला दुप्पट आणि १० सेकंदांना आठपट वेळ सांगितला आहे. त्या हिशेबाने ४ सेकंदांचे जवळपास १८ सेकंद होतात. आयएसओ ४०० च्या एचपी-५ ला त्याच दृश्यात मीटर १ सेकंद दाखवेल आणि तेवढाच पुरेल. म्हणजे एकाच झाडासाठी एका फिल्मला १ सेकंद, दुसरीला १८ सेकंद. तेवढ्या वेळात पान हलणार नाही, याची खात्री कोण देणार?

कचारगडच्या गुहेसारख्या जागी हा फरक मिनिटांत जातो. मीटरने ६४ सेकंद सांगितले तर एचपी-५ ला सूत्राप्रमाणे सुमारे ३ मिनिटे ५० सेकंद लागतात. (सूत्र सोपे आहे : मीटरच्या सेकंदांचा १.३१ वा घात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तो काढता येतो.) अर्थात, कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेत वाट अडवून तिपाई उभी करण्यापेक्षा इतर दिवशी, स्थानिकांना विचारून गेलेले योग्य.

चौथा निकष : घरातले पाणी किती गरम?

फिल्मच्या माहितीपत्रकातील डेव्हलपिंगचे वेळ २० अंश सेल्सिअस तापमानासाठी असतात. गोंदियात मे महिन्यात, विशेषतः नवतपात, टाकीतले पाणी हात पोळेल इतके तापते. रसायन गरम असेल तर क्रिया वेगाने होते. निगेटिव्ह गरजेपेक्षा काळी पडते, डाग पडतात, रसायनाचा थर मऊ होऊन ओरखडे येतात.

त्यामुळे फिल्मची निवड इथे वेगळे वळण घेते. डेल्टा आणि टी-मॅक्स या आधुनिक, बारीक कणांच्या फिल्म आहेत. त्यांची तपशीलक्षमता जास्त, पण वेळ आणि तापमानातील चूक त्या पटकन दाखवतात, विशेषतः टी-मॅक्स. एचपी-५, एफपी-४, ट्राय-एक्स आणि फोमापॅन या जुन्या धाटणीच्या फिल्म अशा चुका बऱ्याच प्रमाणात सांभाळून घेतात. ४ बाय ५ इंचाच्या शीटला मुळातच फार मोठे करावे लागत नसल्याने कण बारीक असण्याचा फायदा रोलइतका जाणवत नाही. तापमान हातात नसलेल्या घरात जुन्या धाटणीची फिल्मच शहाणपणाची.

त्यावर उपायही आहेत. कोरड्या उन्हाळ्यात माठातील पाणी पंचविशीच्या आसपास येते. त्यात रसायने मिसळून, बर्फाची बंद पिशवी टाकलेल्या घमेल्यात ट्रे ठेवला की तापमान आणखी खाली आणता येते. बर्फ थेट रसायनात टाकू नये, ते पातळ होते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने माठ फारसा गार होत नाही, तेव्हा बर्फावरच भिस्त. एचपी-५ ला आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात. २४ अंशांना हा वेळ पाच मिनिटांच्या आसपास येतो आणि एवढ्या कमी वेळात थर एकसारखा डेव्हलप होत नाही. म्हणून डेव्हलपरमध्ये तेवढेच पाणी मिसळायचे. मग २० अंशांना १३, तर २४ अंशांना साधारण ९ मिनिटे मिळतात आणि काम आटोक्यात राहते.

एक्स-रे फिल्म हा स्वस्त पर्याय खरा आहे का?

काही प्रमाणात. पूर्वीच्या ‘ओल्या’ पद्धतीची एक्स-रे फिल्म ही चांदीचा थर असलेली शीट फिल्मच असते. ती कॅमेऱ्याच्या फिल्मपेक्षा बरीच स्वस्त पडते. तिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे लाल दिव्यात काम करता येते. अनेक जण तिचा वेग आयएसओ ५० ते १०० धरून चालतात.

अडचणी तीन. एक, बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी थर असतो, त्यामुळे ट्रेच्या तळावर घासून ओरखडे पडतात. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवल्यास ते कमी होतात. दोन, तिच्यात काळ्या-पांढऱ्याचा फरक फार तीव्र येतो, म्हणून डेव्हलपर पातळ करून वापरावा लागतो. तीन, उजळ भागांभोवती प्रभा पसरते, कारण ती रोखणारा थर तिच्यात नसतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना म्हणजे आज बहुतेक रुग्णालयांत दिसणारी ‘ड्राय’ फिल्म वेगळी आहे. तिच्यावर प्रतिमा यंत्रातील उष्णतेने उमटते. कॅमेऱ्यात तिचा उपयोग नाही. खरेदीपूर्वी फिल्म ‘ओल्या’ पद्धतीची आहे का, हे विचारून घ्यावे.

माळ्यावर जुना हाफ प्लेट कॅमेरा असेल तर?

तो फेकू नये. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. हा आकार आज नियमित मिळत नाही. मात्र, इलफर्ड वर्षातून एकदा अशा जुन्या आकारांसाठी आगाऊ मागणी घेते आणि त्यात हाफ प्लेटही असते. दुसरा मार्ग एक्स-रे फिल्मचा. ८ बाय १० इंचाच्या एका शीटमधून हाफ प्लेटचे दोन तुकडे लाल दिव्यात कापता येतात.

त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च धरावा. बाहेर उजेडाचे ठिपके दिसले तर भात्याला छिद्रे आहेत. तसेच जुना होल्डर काचेच्या प्लेटसाठी बनवलेला असू शकतो. काच जाड आणि फिल्म पातळ, म्हणून फिल्म धरणारी पत्र्याची पातळ चौकट लागते. ती नसेल तर फिल्म होल्डरमध्ये सैल राहते, पुढेमागे सरकते आणि फोकस चुकतो.

साठवण आणि ने-आण कशी करावी?

फिल्म हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर दोन-तीन तास डबा उघडू नये, नाहीतर गार फिल्मवर दव जमते. भरलेले होल्डर उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नयेत. विमानतळांवरील नव्या सीटी स्कॅनरमुळे फिल्म खराब होऊ शकते, तेव्हा हातातून तपासणी मागावी. गोंदिया मुंबई-हावडा मार्गावर असल्याने मुंबईहून फिल्म रेल्वेने सोबत आणणे हा साधा पर्याय आहे.

होल्डर भरण्याचे काम रात्री करावे. दुपारच्या उकाड्यात काळ्या पिशवीत हात घातले की मिनिटभरात घाम येतो आणि बोटांचे ठसे फिल्मवर कायमचे राहतात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ, तलावात किंवा नाल्यात ओतू नये.

मग गोंदियासाठी कोणती फिल्म?

‘सर्वोत्तम फिल्म’ असे काही नसते. प्रश्न असतो तो आपल्या उजेडाचा, आपल्या पाण्याचा आणि फिल्म पुन्हा मिळण्याचा. या तिन्ही कसोट्यांवर गोंदियासाठी आयएसओ ४०० ची, जुन्या धाटणीची, पॅनक्रोमॅटिक फिल्म पुढे येते आणि शीटमध्ये सहज मिळणाऱ्यांत ती एचपी-५ प्लस आहे. वाऱ्यात डुलणारे धान, जंगलातील सावली आणि तापलेले पाणी या तिन्हींना ती पुरी पडते. धबधबा, मंदिराचे शिल्प, घराची भिंत अशा स्थिर विषयांसाठी एफपी-४ जोडीला ठेवता येईल. फोमापॅन उन्हातल्या सरावासाठी चांगली, पण सावलीत तिचा तक्ता खिशात हवाच. एक्स-रे फिल्म हात बसवण्यासाठी वापरावी.

पेटी आणल्यावर पहिल्या तीन शीट चाचणीसाठी राखून ठेवाव्यात. एकच दृश्य, ज्यात ऊनही आहे आणि ओसरीची सावलीही, ते आयएसओ ४००, २०० आणि १०० धरून तीनदा टिपावे आणि एकाच वेळी डेव्हलप करावे. ज्या शीटमध्ये ओसरीतील दाराची कडी स्पष्ट दिसते आणि उन्हातील भिंतही कोरी पडत नाही, तो आपला आकडा. दुसऱ्या कोणाचा आकडा आपल्या पाण्याला आणि आपल्या मीटरला लागू होईलच असे नाही. त्यानंतर किमान वर्षभर फिल्म बदलू नये. प्रत्येक चूक कुठे झाली हे तेव्हाच कळते.

हा कॅमेरा कशासाठी नाही, हेही लक्षात ठेवावे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीत वाहनातून उतरता येत नाही, तिपाई लावणे तर दूरच. राज्यातील बहुतांश सारस पक्षी आज गोंदिया परिसरात आहेत, पण उडणारा सारस टिपणे या कॅमेऱ्याचे काम नाही. सारस ज्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी जगतो, ती जागा मात्र तो बारीकसारीक तपशिलासह नोंदवू शकतो. नीट धुऊन कोरडी ठेवलेली निगेटिव्ह अनेक दशके टिकते. एखादा मामा तलाव गाळाने भरला किंवा बुजवला गेला, तर तो कसा होता हे दाखवायला ती हाताशी असेल. फक्त त्या दिवशी होल्डरमध्ये योग्य फिल्म असायला हवी.